मराठवाड्याची बदलती हवा, ॲलर्जी आणि दमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवामान बदलतंय हे मान्य. पण त्याचा माझ्या शिंकांशी काय संबंध?

पावसात मोठे खंड पडले आणि उन्हाळा लांबला की रान उघडं पडतं आणि फुफाटा वाढतो. पाऊस येतो तेव्हा चार दिवसांचा एका रात्रीत पडतो, भिंती ओल धरतात, घरात आणि गंजीत बुरशी येते. ऊन तापलं की वाहनांच्या धुरातल्या वायूंपासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो दुपारी सर्वांत जास्त असतो आणि छातीत जळजळ, कोरडा खोकला देतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे. तणांना हा वायू खतासारखा लागू पडतो. उत्तर अमेरिकेत १९९० ते २०१८ या काळात परागकणांचा हंगाम सुमारे २० दिवस आधी सुरू होऊ लागला आणि हवेतले परागकण सुमारे २१ टक्क्यांनी वाढले. तिथे सर्वाधिक त्रास देणारं रॅगवीड हे तण आपल्या गाजरगवताच्याच कुळातलं आहे.

धुराचं काम वेगळं. तो नाकाचं आणि श्वासनलिकांचं अस्तर सुजवतो, आणि सुजलेल्या अस्तरातून परागकणांतली प्रथिनं सहज आत शिरतात. म्हणून वर्षानुवर्षं गाजरगवताच्या बांधावरून जाणारा माणूस गावात धूर साचायला लागला की अचानक शिंकू लागतो. गवत तेच असतं, पण धुराने नाक सोललेलं असतं.

या पानावर हवामानापेक्षा मळणी यंत्र, चूल आणि कूलर जास्त भेटतील. दिल्लीच्या हवेचे आकडे रोज बघणाऱ्याला आपल्या घरापासून पन्नास फुटांत काय जळतंय आणि काय उडतंय हे बरेचदा ठाऊक नसतं. इथल्या बहुतेक रुग्णांचा त्रास मात्र त्या पन्नास फुटांतच असतो.

साधी सर्दी, ॲलर्जी, दमा की दुसरंच काही? घरी कसं ओळखावं?

सर्दी ५ ते ७ दिवसांत उतरते. सुरुवातीला अंग दुखतं, घसा दुखतो, शेंबूड पातळ असतो तो घट्ट होतो. ॲलर्जीत ताप नसतो. नाक, डोळे, टाळू खाजतात, एका दमात आठ-दहा शिंका येतात, पाण्यासारखं नाक गळतं, आणि हे आठवडेच्या आठवडे किंवा दरवर्षी त्याच महिन्यात चालतं. दम्याची खूण म्हणजे त्रास येतो-जातो. पहाटे तीन-चारला खोकल्याने जाग येते, छातीत सूं-सूं आवाज होतो, हसल्यावर किंवा पळाल्यावर खोकला सुटतो. लहान मुलांत नुसता रात्रीचा खोकला हीच दम्याची एकमेव खूण असू शकते.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं तर ‘ॲलर्जी असेल’ म्हणून थांबू नका. आधी थुंकीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

चाळिशीनंतर हळूहळू वाढत गेलेली आणि कधीच पूर्ण न जाणारी धाप दम्याची नसून सीओपीडीची (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराची) असू शकते. हा आजार बिडी ओढणाऱ्यांना होतो, आणि आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, कधीही बिडी न ओढलेल्या बायकांनाही होतो. दोन्हींतला फरक स्पायरोमेट्रीने कळतो. नळीत जोराने फुंकायचं, मग औषध ओढून १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि २०० मिली या दोन्ही मापांनी वाढली तर दम्याच्या निदानाला बळ मिळतं. छातीचा एक्स-रे दम्यात बहुधा साफ येतो. ‘एक्स-रे नॉर्मल आहे म्हणजे काही नाही’ असं समजू नका.

आमच्याकडे कोणत्या महिन्यात कशाचा त्रास जास्त?

ढोबळ पंचांग असं. फेब्रुवारी ते एप्रिल झाडांचा फुलोरा. त्यात ओढ्याकाठची आणि पडीकातली वेडी बाभूळ ॲलर्जीसाठी सर्वांत नावाजलेली. याच सुमाराला गहू-हरभऱ्याची मळणी. एप्रिल-मे फुफाटा, वावटळी, दुपारचा ओझोन आणि अधूनमधून वळीव. जून-जुलैत ओल, बुरशी आणि अंथरुणातले धूळकिडे. ऑगस्ट ते ऑक्टोबर गवतांचे परागकण आणि गाजरगवत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीनची मळणी, दिवाळीचे फटाके आणि थंडीची सुरुवात हे तिन्ही एकदम येतात. मराठवाड्यातल्या दमेकऱ्याने वर्षातून एकच काळ सांभाळायचा ठरवला तर हा सांभाळावा. डिसेंबर-जानेवारीत जमिनीलगत अडकलेला धूर.

हे पंचांग आपल्या गावाला जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. वहीत तारीख, त्रास (० ते ३ असे गुण) आणि त्या दिवशीचं काम एवढं वर्षभर लिहा. ही वही महागड्या रक्ततपासणीपेक्षा डॉक्टरांच्या जास्त कामाची असते.

सोयाबीन काढताना दरवर्षी दम लागतो. धुळीमुळे की आणखी कशामुळे?

सोयाबीनची धूळ साध्या मातीसारखी नाही. शेंगेच्या आणि दाण्याच्या टरफलातली प्रथिनं स्वतःच दमा उठवतात. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात काही ठरावीक दिवशी दम्याचे रुग्ण दवाखान्यात एकदम लोटत. शोध घेतला तेव्हा कळलं, की त्या दिवशी बंदरात जहाजातून सोयाबीन उतरत असे आणि साठवणीच्या टाकीला धूळ अडवणारा फिल्टर नव्हता. फिल्टर बसवला आणि त्या लाटा थांबल्या. शेतात यंत्राच्या तोंडाशी उभं राहणारा माणूस त्या शहरातल्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त धूळ घेतो.

त्यात हवामानाची भर पडली आहे. मराठवाड्यात ज्वारी मागे पडली, सोयाबीन पसरलं, आणि सगळ्या शिवाराची मळणी एकाच पंधरवड्यात येऊ लागली. पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत लांबला की कापून टाकलेलं सोयाबीन भिजतं, शेंगा काळ्या पडतात. तो काळेपणा बुरशीचा. असा माल यंत्रात गेला की टरफलाच्या धुळीबरोबर बुरशीचे कोट्यवधी बीजाणू उडतात. भिजून काळा पडलेला माल काढायचा असेल त्या वर्षी खबरदारी दुप्पट घ्या.

आदल्या दिवशी वारा कोणत्या बाजूने वाहतो ते बघून यंत्र असं लावा की भुसकट वस्तीच्या आणि काम करणाऱ्यांच्या उलट बाजूला जाईल. यंत्रात माल टाकणारा वाऱ्याच्या वरच्या अंगाला हवा. सर्वांत जास्त धूळ भुसकट बाहेर पडतं तिथे असते, आणि नेमकं तिथेच ते ओढायला बायका किंवा पोरं उभी केली जातात. दमा असलेल्याला ही जागा कधीच देऊ नका. त्याला पोती शिवायला, पाणी आणायला, ट्रॅक्टरवर ठेवा. गंज ताडपत्रीने झाका, पण ऊन पडलं की दोन बाजू मोकळ्या करून वारा लागू द्या. घट्ट बांधलेल्या ताडपत्रीखाली माल घामेजतो आणि बुरशी वाढते. दाण्यात १३ ते १४ टक्के ओलावा असताना मळणी केली तर दाणाही कमी फुटतो आणि धूळही कमी होते.

तोंडाला एन-९५ मास्क आणि डोळ्यांना बंद कडांचा गॉगल लावा. घरी आल्यावर कपडे बाहेरच काढा, डोक्यावरून अंघोळ करा आणि मगच अंथरुणावर टेका. केसांतली धूळ उशीवर उतरली तर रात्रभर नाकात जात राहते. दरवर्षी मळणीत त्रास होत असेल तर नाकाचा स्टिरॉइड स्प्रे आणि छातीचा प्रतिबंधक पंप (इन्हेलर) हंगामाच्या दोन आठवडे आधी सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. त्रास सुरू झाल्यावर पळापळ करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

मोंढ्यात हमाली करतो / जिनिंगमध्ये कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं. हे काय आहे?

कामावर त्रास आणि सुट्टीत आराम ही कामामुळे होणाऱ्या दम्याची सर्वांत मोठी खूण आहे. डॉक्टरांना ती आपणहून सांगा, नाहीतर गोळ्या चालू राहतात आणि मूळ कारण तसंच राहतं. कापसाच्या धुळीची तऱ्हा वेगळी: आठवड्याची सुट्टी संपवून पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळते, पुढच्या दिवसांत कमी वाटतं. याला बिसिनोसिस म्हणतात. सुरुवातीला हे उतरतं. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर फुफ्फुसाचं कायमचं नुकसान होतं.

डाळ मिल, जिनिंग, पिठाची गिरणी, खडी क्रशर, जालन्यातल्या रोलिंग मिलची भट्टी, परळीच्या वीज केंद्राची राख वाहणारे ट्रक, कुठेही असाल तरी कोरडा झाडू मारणं बंद करा. पाणी शिंपडून किंवा ओल्या भुश्शाने झाडा. क्रशरवर तर हे अधिकच जरुरीचं आहे, कारण दगडाच्या बारीक भुकटीतल्या सिलिकाने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. दर सहा महिन्यांनी स्पायरोमेट्री करून कागद जपून ठेवा. एकट्या आकड्यापेक्षा तो कसा घसरतोय हे जास्त सांगतं.

गाजरगवत उपटताना अंगाला खाज सुटते, नाकही गळतं. काढायचं कसं?

हे तण भारतात १९५५-५६ च्या सुमाराला पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं. एका झाडाला हजारो बिया येतात, म्हणून फुलोऱ्याआधी काढणं हाच उपाय. पांढरी फुलं आल्यावर उपटणं म्हणजे परागकण आणि बी दोन्ही आपल्याच हाताने पसरवणं. पावसानंतर जमीन ओली असताना मुळासकट उपटा. लांब बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे आणि मास्क लागतोच. ज्याच्या मानेवर, कोपराच्या खोबणीत, पापण्यांवर चट्टे उठतात त्याने हे काम करूच नये. उपटलेलं जाळू नका. फुलं नसतील तर खड्ड्यात कुजवा.

रस्त्याकडेला किंवा पडीकात १०० लिटर पाण्यात १५ ते २० किलो मीठ विरघळवून फवारता येतं. पिकाच्या रानात आणि विहिरीजवळ ते नको, जमीन खराब होते. पावसाच्या तोंडावर तरोट्याचं बी फेकलं तर तरोटा गाजरगवताला दाबतो. हे तण खाणारे मेक्सिकन भुंगे भारतात १९८४ पासून सोडले जात आहेत. ते पावसाळ्यात काम करतात, पाऊस लांबला की उशिरा दिसतात. त्यांच्यावर सगळं सोपवू नका.

आभाळ आलं की दमा वाढतो असं घरचे म्हणतात. खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे. ढगाळ, दमट हवेत धूर वर जात नाही, बुरशीचे बीजाणू वाढतात, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला सर्दीचे विषाणूही फिरत असतात.

वळवाच्या पावसाची गोष्ट आणखी वेगळी आहे. वादळाच्या पोटातला वारा परागकण वर ढगात ओढतो, तिथल्या ओलाव्याने ते फुगून फुटतात, आणि पावसाआधीच्या थंड झोतासरशी त्यांचे बारीक तुकडे जमिनीवर येतात. अख्खा परागकण नाकात अडकतो, तुकडे मात्र थेट फुफ्फुसात उतरतात. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी अशाच वादळानंतर हजारो लोक दवाखान्यात पोचले आणि १० जण दगावले. त्यांतल्या अनेकांना आधी फक्त नाकाची ॲलर्जी होती. म्हणून वावटळ आणि विजा दिसू लागल्या की ॲलर्जीच्या माणसाने अंगणात मातीचा वास घेत उभं राहू नये. दारं-खिडक्या लावून आत बसावं आणि पंप खिशात ठेवावा.

हवेचा निर्देशांक कुठे बघायचा आणि त्यावर किती विसंबायचं?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप मोफत आहे. ० ते ५० चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अति वाईट, त्यापुढे गंभीर. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत आपल्याकडचं छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर आहे.

आकडा वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, धुळीसाठी तो २४ तासांच्या सरासरीवर काढतात. सकाळी सातला गल्लीत कचरा पेटवला तर तो धूर आकड्यात लगेच दिसत नाही. दोन, ॲपमध्ये प्रमुख प्रदूषक कोणता लिहिलाय ते बघा. १८० हा आकडा पीएम १० या जाड कणांमुळे असेल तर ती मुख्यतः रस्त्याची आणि रानाची जाडी धूळ, नाक-घशाला त्रास देणारी. तोच आकडा पीएम २.५ या बारीक कणांमुळे असेल तर तो धूर. हे कण केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या हिश्श्याहून लहान असतात आणि फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. भारतीय मानकात पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ ठेवली. म्हणजे आपल्याकडे ‘समाधानकारक’ दिसणारा दिवस दमेकऱ्याला समाधानकारक असेलच असं नाही.

गावात मोजणी केंद्र नसतंच. तिथे यंत्र म्हणजे डोळे आणि नाक.

थंडीत सकाळी फिरायला जावं का?

उजाडायच्या आत नको. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वरची हवा उबदार राहते, आणि शेकोट्या, बंब, वीटभट्ट्या यांचा धूर खालच्या थरात अडकून बसतो. ऊन चढून जमीन तापली की तो सुटतो. साडेआठ-नऊनंतर जा, हमरस्ता टाळा, नाकाने श्वास घ्या. उन्हाळ्यात वेळ उलटी: पहाटेच जा, दुपारी ओझोन आणि ऊन दोन्ही बाधतात.

कूलरने सर्दी होते का? कूलर बंद करावा का?

एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत कूलर वाईट नाही. ४२-४३ अंशांच्या कोरड्या हवेने नाकाचं अस्तर सुकतं आणि श्वासनलिका चिडते; थोडा ओलावा त्याला बरा वाटतो. वयस्कर धापेच्या रुग्णाने उष्णतेच्या लाटेत कूलर बंद करून उकाड्यात झोपणं तर धोक्याचंच. बिघडतं ते कूलर घाण असल्याने, खोली बंद ठेवल्याने आणि पाऊस सुरू झाल्यावरही तो चालू ठेवल्याने.

हंगामाच्या सुरुवातीला गवताच्या जुन्या पट्ट्या फेकून नव्या बसवा. मागच्या वर्षीच्या वाळलेल्या पट्टीत धूळ आणि बुरशी दडलेली असते. टाकी साबणाने घासून उन्हात वाळवा. पहिल्या दिवशी खिडक्या उघडून, खोलीत कोणी नसताना २० मिनिटं चालवा. पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण कोरडी करा. डेंग्यूचे डासही त्याने टळतात. कूलर खिडकीबाहेर असेल तर त्याचं तोंड रस्त्याकडे किंवा शेजारच्या चुलीकडे नको, कारण तो बाहेरचीच हवा आत ढकलतो. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. आकडा ६० च्या वर गेला की कूलरचा पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. अंथरुणातले धूळकिडे ५० टक्क्यांच्या वर जोमाने वाढतात.

मृग लागला आणि हवा दमट झाली की कूलर झाकून ठेवून द्या. तेव्हा तो गारवा देत नाही, फक्त बुरशी देतो.

गॅस आहे, तरी भाकरी चुलीवर करतो. थोड्या वेळाने काय होतं?

भाकरी आणि अंघोळीचं पाणी, घरातला बहुतेक धूर या दोनच कामांतून येतो. गॅसवर चहा आणि चुलीवर भाकरी असेल तर धुराचा मोठा हिस्सा तसाच राहतो. भाकरी गॅसवर हलवणं जमत नसेल तर चूल पडवीत किंवा अंगणात घ्या, पऱ्हाट्या आणि तुराट्या पूर्ण वाळलेल्या वापरा, गोवऱ्या कमी करा, धुराडं छपराच्या दोन फूट वर न्या आणि त्याची काजळी महिन्यातून एकदा काढा. तान्हं बाळ काखेत घेऊन चुलीपुढे बसू नका. त्याची श्वासनलिका अरुंद असते आणि वजनाच्या मानाने ते मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा ओढतं. ऊसतोडीच्या कोपीत ही सोय नसते, तिथे निदान चूल कोपीच्या तोंडाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला मांडा.

बंबात प्लॅस्टिक, चपला, टायरचे तुकडे घालणं ताबडतोब बंद करा. तो धूर लाकडाच्या धुरापेक्षा विषारी असतो. आणि डासांची कॉइल: बंद खोलीत एक कॉइल पूर्ण जळली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते, असं मोजमाप झालेलं आहे. मच्छरदाणी लावा. उदबत्ती-धूप देवघरापुरता, खिडकी उघडी ठेवून.

रुमाल, उपरणं, मास्क: काय बांधावं?

उपरण्याने फुफाटा बराचसा अडतो, धूर अडत नाही. सर्जिकल मास्कच्या कडांतून हवा शिरते. धूर, मळणी, जिनिंग यांसाठी एन-९५. दोन्ही पट्टे डोक्यामागे, नाकावरची पट्टी दाबून बसवलेली. जोरात फुंकल्यावर डोळ्यांना वारा लागला तर तो बसलेला नाही. दाढी असेल तर कडा बसत नाहीत. धुतल्याने तो निकामी होतो. श्वास घ्यायला जड जाऊ लागला किंवा ओला झाला की बदला.

पंपाची सवय लागते म्हणतात. गोळीवर भागणार नाही का?

सवय लागत नाही, आजार लांबचा असतो म्हणून औषध लांब चालतं. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि थेट जागेवर जातो. गोळी रक्तातून सगळ्या अंगात फिरते, म्हणून तिचा डोस मिलिग्रॅममध्ये लागतो आणि दुष्परिणामही जास्त. लगेच आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर दमा ताब्यात नाही असं समजा आणि रोजच्या प्रतिबंधक पंपाबद्दल विचारा. ‘बरं वाटलं’ म्हणून तो स्वतःहून सोडू नका.

बरंच औषध वाया जातं ते पद्धत चुकल्याने. पंप हलवा, श्वास पूर्ण बाहेर सोडा, ओठ घट्ट लावा, श्वास ओढायला सुरुवात करतानाच एकदा दाबा, ३ ते ५ सेकंद सावकाश ओढत राहा, १० सेकंद रोखा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. स्टिरॉइडचा पंप असेल तर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. मुलं आणि म्हाताऱ्यांना स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) हवाच. कॅप्सूल फोडून ओढायच्या यंत्राची रीत उलटी, तिथे जोरात आणि खोल ओढायचं. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे आजही भेटतात. त्याने छातीला काहीच मिळत नाही.

पंप रिकामा झाला का हे बघायला तो पाण्यात टाकू नका, ती पद्धत खोटी आहे. मोजणीची खिडकी बघा. मे महिन्यात तो दुचाकीच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेपाशी ठेवू नका. ३० अंशांखाली ठेवायचा असतो. माठाजवळच्या कोरड्या कप्प्यात तो बरा राहतो. नाकाचा स्प्रे उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न लागता बाहेरच्या भिंतीवर पडतो आणि रक्त येत नाही. त्याचा पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

एक सुई घेतली की महिनाभर बरं वाटतं. मृगाला हैदराबादला दम्यावरचा जिवंत मासाही गिळला होता. काय हरकत आहे?

त्या सुईत बहुधा लांब टिकणारं स्टिरॉइड असतं. आराम खरा असतो, पण वारंवार घेतल्यास साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, शरीराची स्वतःची यंत्रणा झोपते. कोणती सुई दिली ते चिठ्ठीवर लिहून मागा. लिहून देत नसतील तर दुसरा दवाखाना शोधा. माशाने दमा जातो याला वैद्यकीय पुरावा नाही. श्रद्धेने घ्यायचा तर घ्या, पण पंप एक दिवसही बंद करू नका. त्या गर्दीत, पावसाच्या तोंडावर, तो जास्तच लागेल.

शंभर पदार्थांची ॲलर्जी तपासणी करून घ्यावी का?

सरसकट नको. अशा यादीत दोन-चार पदार्थांवर खूण येतेच आणि मग तूरडाळ, केळी, दूध बंद होऊन मूल अशक्त होतं. नाकाचा त्रास तसाच. त्रासाच्या इतिहासावरून संशय असलेल्या मोजक्या गोष्टींची त्वचेवरची टोच-चाचणी उपयोगी. आधी ५ ते ७ दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, त्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरांनाच विचारा. चाचणीवरून ठरवलेली ॲलर्जीची लस ३ ते ५ वर्षं घ्यावी लागते. पूर्ण करायची तयारी असेल तरच सुरू करा.

नाक धुण्याचा फायदा होतो का?

होतो, आणि स्वस्तात. एक पेला, साधारण २४० मिली, उकळून कोमट केलेलं पाणी, अर्धा छोटा चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. नळाचं किंवा बोअरचं पाणी न उकळता वापरू नका. क्वचित, पण जिवावर बेतणारा मेंदूचा संसर्ग त्यातून होतो. मळणीवरून आल्यावर नाक धुवा आणि मग औषधाचा स्प्रे मारा.

पुराचं पाणी घरात शिरून गेलं. भिंतींवर काळे डाग आलेत, मुलगा खोकतोय.

सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर अनेक गावांत हेच झालं. भिजलेली गादी, उशी, पुठ्ठे दोन दिवसांत वाळले नाहीत तर टाकून द्या, वास गेला तरी बुरशी जात नाही. भिंत आधी साबणाच्या पाण्याने घासा, मग ४ लिटर पाण्यात जास्तीत जास्त एक पेला ब्लीच घालून पुसा. त्यात संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. रंग देण्याची घाई नको. ओल्या भिंतीवर रंग दिला तर पापुद्र्याखाली बुरशी वाढतच राहते. खोकणाऱ्या मुलाला त्या कामात आणि त्या खोलीत ठेवू नका. कुजकट वास येणारा कडबा उघड्या तोंडाने उलगडू नका. त्यानंतर ४ ते ८ तासांनी ताप, खोकला, धाप आली तर तो मलेरिया नसून फुफ्फुसाची बुरशीजन्य सूज असू शकते.

पाचट जाळू नका म्हणतात, मग करायचं काय?

उसाचं हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. सरीत बारीक करून पसरवा आणि टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्या. पाणी कमी असलेल्या वर्षी हेच आच्छादन ओल धरतं. फड पेटवला की धूर आधी स्वतःच्याच वस्तीवर येतो, आणि थंडीत तो रात्रभर हलत नाही.

अचानक जोराचा अटॅक आला तर?

ताठ बसवा, आडवं झोपवू नका, गळ्याजवळचे कपडे सैल करा. आराम देणारा पंप स्पेसरमधून एका वेळी एक फवारा, प्रत्येक फवाऱ्याला ४ श्वास, असे ४ फवारे द्या. ४ मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा ४ फवारे, आणि तोवर १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवा. एका दमात वाक्य पुरं होत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर होतात, माणूस सुस्तावतो किंवा बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९२ च्या खाली दिसतो: यांतलं काहीही असेल तर फवारे देतच निघा, फरकाची वाट बघू नका. आधी सूं-सूं आवाज येत होता आणि आता तो थांबला, पण धाप तशीच आहे, ही सुधारणा नव्हे. हवा आत जाणंच बंद होत चाललंय.

गाव आडवळणी असेल तर रात्री गाडी कोणाची मिळते आणि ऑक्सिजन असलेला जवळचा दवाखाना कोणता, हे दोन नंबर पंपाच्या खोक्यावरच लिहून ठेवा.

शाळेच्या आवारात कोणती झाडं लावावीत?

कीटकांच्या किंवा पक्ष्यांच्या मदतीने फळणारी झाडं वाऱ्यावर परागकण उधळणाऱ्यांपेक्षा बरी: करंज, बहावा, पळस, जांभूळ. सप्तपर्णी वर्गाच्या खिडकीपाशी नको. ऑक्टोबरातला तिचा उग्र वास काही मुलांना सोसत नाही. कुंपणाला आपोआप उगवलेली वेडी बाभूळ फुलायच्या आधी खणून काढा. नुसती छाटली तर ती दुप्पट फुटते.